तांब्याची सांधणी

समजा, तुमच्या हातात अंगठ्याएवढी जाड, काळ्या रबराची वेल्डिंगची केबल आहे. मधला भाग ट्रॅक्टरच्या चाकाखाली चेंगरला म्हणून कापून टाकलाय, आणि आता ही दोन टोकं तुम्हाला पुन्हा एक करायची आहेत. आधी रबर सोला. हळू! कटर जरा खोल गेला की आतलं तांबं कापलं गेलंच म्हणून समजा. आत सळईसारखं एकसंध काही नाही. केसांसारख्या बारीक तारा आहेत, शेकडो तारा, लडी-लडीने पिळलेल्या. रबरातून सुटल्या सुटल्या त्या झाडूसारख्या विस्कटतात, एखादी नखाखाली घुसते, आणि तुम्ही बोट तोंडात घालता. आता या सगळ्यांची समोरच्या टोकातल्या सगळ्यांशी गाठ घालून द्या. जोड ओढला तर निसटता कामा नये, वाकवला तर मोडता कामा नये, आणि दीडशे अँपिअर करंट आतून धावला तरी तापता कामा नये.

बहुतेक माणसं इथे केबल खाली ठेवतात आणि चहा मागवतात. ज्योत्स्नाने ती पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा तिने चुलीवर ठेवून आलेल्या दुधाचीसुद्धा आठवण ठेवली नाही.

राजपुऱ्यात तिचं घर वर आणि दिराचं दुकान खाली. दीर विनायक केळीच्या ट्रॉल्या, गेट, खिडकीच्या जाळ्या बनवतो. नवरा प्रकाश दिवसभर रिक्षावर. ज्योत्स्ना स्वतः लग्नाच्या आधीपासून कापडाच्या लूमवर सांधणीचं काम करत आली होती. लूमवरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका धाग्याला जोडायचा. अंगठा आणि बोट यांच्यात दोन्ही शेवट धरून एक पीळ द्यायचा आणि तो मागे वळवून दाबायचा. गाठ नसते, फुगवटा नसतो, आणि कापडात जोड शोधून सापडत नाही. मग कारखान्यात धागे जोडणारं यंत्र आलं. ज्योत्स्नाच्या वाट्याचं काम आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आलं, आणि उरलेल्या दिवशी तिची बोटं नुसती वळवळत राहायची.

एके दिवशी ती विनायकला चहा द्यायला खाली उतरली, तर भंगाराच्या ढिगात केबलचा एक तुकडा पडला होता. टोकाचं रबर फाटलेलं, आत तांबं चमकत होतं. तिने तो उचलला, तारा सोडवून बोटांवर पसरल्या आणि ओरडलीच, "विनायकभाऊ, हा तर ताणा आहे!"

विनायकने तोंडासमोरची वेल्डिंगची काच वर केली. "भाभी, ती वेल्डिंगची केबल आहे. त्याची लुंगी नाही विणता येणार."

"अहो पण धागेच आहेत ना हे? मग तुम्ही हे असं कसं जोडता?" तिने कोपऱ्यात पडलेल्या त्याच्या केबलकडे बोट केलं.

तिथे काय होतं, ते सांगायला हवं. विनायकची पद्धत बाजारात सगळ्यांची असते तीच. केबल तुटली की दोन्ही टोकांना थिंबल, म्हणजे भोक असलेली धातूची टोपी, दाबायची, दोन थिंबल एका नट-बोल्टने आवळायच्या आणि वरून टेप गुंडाळायची. जोड दिसायला बेडूक गिळलेल्या सापासारखा. दर कोपऱ्यावर, दर दगडावर अडकणार, टेप फाटणार, बोल्ट ढिला होणार आणि मग आतून ठिणग्या. त्याच्या दोन केबलना मिळून असे इतके बेडूक होते, की स्वतः विनायकच त्यांना ओलांडताना पाय उचलून चालायचा.

"मी जोडून दाखवू?" ज्योत्स्ना म्हणाली.

"धाग्यात करंट नसतो, भाभी."

"मग जोडल्यावर करंट सोडून बघा."

विनायक हसला. वाईट माणूस नाही तो, चिडवायची सवय आहे इतकंच. त्याने तिला बाहेर बोलावून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. त्यावर मोठ्या निळ्या अक्षरात लिहिलं होतं: विनायक वेल्डिंग वर्क्स. खाली ट्रॉली, गेट, जाळी. आणि त्याच्याखाली एक पट्टा रिकामा.

"ही जागा दिसते? तुमचा जोड कामावर थंड राहिला, तर इथे तुमचं नाव. 'केबल दुरुस्ती, ज्योत्स्ना.' दुकानातली, बाहेरून येणारी, सगळी केबल तुमची. आणि तापला तर भाभी, आजपासून केबलचं नाव काढायचं नाही. बोलो, मंजूर?"

"मंजूर!" तिने विचारसुद्धा केला नाही. आपलं नाव शटरवर! कापडावर तिच्या हातचे किती जोड गावोगाव गेले असतील, पण ते कुणाला दिसू नयेत यातच त्यांचं मोल होतं.

दोन दिवस तिने भंगाराच्या तुकड्यांवर हात बसवला. तिसऱ्या दिवशी विनायकच्या दोन लांब केबलमधला सगळ्यात मोठा बेडूक कापून तिने तिथे आपला जोड घातला. शक्कल अशी लढवली होती: केबलच्या आत तारांच्या लडी असतात. त्या सगळ्या एकाच ठिकाणी कापून जोडल्या तर तिथे जाडी दुप्पट होते. म्हणून तिने एक लड आखूड ठेवली, दुसरी त्याहून लांब, तिसरी आणखी लांब, आणि समोरच्या टोकाला बरोबर उलटं. पायऱ्या पायऱ्यांत बसल्यासारखी दोन्ही टोकं एकमेकांत बसली. प्रत्येक लडीला तिचा तो पीळ. वरून तांब्याची नळी, ती दाबायच्या हत्याराने सहा बाजूंनी आवळलेली. त्यावर रबराची टेप. हात फिरवला तर जोड जेमतेम जाणवावा!

दुपारी विनायकने केबल मशीनला लावली आणि ट्रॉलीच्या साट्यावर वेल्डिंग सुरू केलं. एक रॉड संपला, दुसरा लावला. ज्योत्स्ना जोडाशेजारी उकिडवी बसून होती. दुसरा रॉड अर्धा झाला असेल, तेवढ्यात रबर भाजल्याचा वास आला.

विनायकने मशीन बंद केलं, जवळ येऊन जोडावर हाताची मागची बाजू टेकवली आणि झटकन ओढून घेतली. "भाभी, घरात पापड आहेत का? एकदोन भाजून घ्या यावर."

नेमका तेव्हाच कौतिकदादा मोटरसायकलवरून उतरला. तापीकाठी त्याची केळीची बाग आहे. धापा टाकतच तो बोलला, "विनायकभाऊ, नदीवरून पाणी चढवायची लोखंडी लाइन फुटली रे! उताराच्या मधोमध तडा गेला. उद्या सकाळी यायलेच पाहिजे. केळी निसवली आहे, घड बाहेर पडू राह्यले. आता पाणी तुटलं तर घड बोटाएवढे राहतील."

"येतो ना दादा. डिझेलची मशीन आणतो."

"मशीन बांधापर्यंतच येईल. तिथून लाइन लई खाली आहे. तुझ्या दोन्ही केबल जोडल्या तर पुरतील."

विनायकने ज्योत्स्नाकडे पाहिलं. "मी बोल्ट मारतो संध्याकाळी."

"उद्याचं काम होईपर्यंत शटरवरची ती जागा माझ्यासाठी ठेवा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होता कामावर. हे काय काम आहे? ही तर परीक्षा झाली. काम उद्या आहे."

"वा भाभी! वकील व्हायला पाहिजे होतं तुम्ही."

कौतिकदादाला यातलं काही कळलं नाही. "कोणीही जोडा, मले पाणी पाहिजे," एवढं बोलून त्याने किक मारली.

ज्योत्स्नाने तापलेला जोड कापून घेतला आणि पदराच्या टोकात गुंडाळून सरळ लूमच्या कारखान्याकडे निघाली. चालता चालता तिचं डोकं लूमपेक्षा जोरात खडखडत होतं. नळी ढिली होती? नाही, दाब नीट बसला होता. पीळ कमी पडला? सोडवायला जा, नखं तुटतील. मग अडकलंय कुठे?

कारखान्यात आशामावशी खिडकीशी बसून सांधणी करत होत्या. ज्योत्स्नाला हे काम त्यांनीच शिकवलं. यंत्र आलं तरी तुटक्या-फुटक्या ताण्यांना अजून आशामावशीच लागतात, आणि हे त्या दिवसातून दोनदा तरी मालकाला ऐकवतात.

"काय गं, पदरात काय बांधून आणलं? सापाचं पिलू?"

"जोड आहे, मावशी. तापतोय. जरा बघा ना, सांधणी कुठे चुकली."

आशामावशींनी चष्मा वर सरकवला. ज्योत्स्नाने रबर सोललं, नळी कापून उघडली. मावशींनी लडी चिमटीत धरून ओढल्या, बोटांवर फिरवल्या. "चुकली कुठे? पीळ माझाच आहे हा. तुझ्याहून चांगला मीच काय तो घालीन." मग जोड मांडीवर ठेवून त्यांनी पुन्हा ताण्याकडे हात नेला, आणि जाता जाता उजवं बोट शेजारच्या डबीत बुडवलं.

ज्योत्स्ना बघतच राहिली.

"मावशी! आत्ता काय केलं तुम्ही?"

"काय केलं?"

"बोट! बोट कशात घातलं?"

"खडूत. घाम येतो बाई, धागा सरकतो. तू काय आज पहिल्यांदा बघू राह्यली?"

खडूची पूड! सांधणी करणारं कुठलंही बोट आधी खडूत जातं. श्वास घ्यायला कुणी विचार करत नाही, तसं हे. ज्योत्स्नाने आपली स्वतःची डबी लूमवरून दुकानात नेली होती, केबलच्या शेजारी ठेवली होती आणि दर पिळाच्या आधी बोट बुडवलं होतं. विनायकने डबी पाहिली होती, एकदा हात घामेजला तेव्हा त्यातलीच चिमूटभर मागूनही घेतली होती. दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

तिने एक लड उलगडली आणि तारेवर नख ओढलं. नखावर राखाडी-पांढरी रेघ आली. सुताला काय, खडू लागला तर धागा धरायला बरा. पण तांब्याला तांबं उघडं भेटायला हवं. इथे तर तारेतारेवर तिने स्वतःच्या हाताने पातळ भिंत बांधली होती. करंटला त्या भिंती ओलांडाव्या लागत होत्या, आणि ओलांडता ओलांडता तो जोड तापवत होता.

"हात तेरी!" ती इतकी मोठ्याने हसली की पलीकडच्या लूमवरचे दोघे वळून बघायला लागले. "मावशी, तुमची शिकवण नडली हो मला!"

"माझी? अगं, चहा तरी घे... ए ज्योत्स्ना!"

ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा होती.

दुकानात येऊन तिने आधी डबी उचलून वर घरी ठेवली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. विनायकला सगळं सांगितलं, तेव्हा तो आधी हसला आणि मग स्वतःच्याच तळव्यांकडे बघायला लागला. "च्यायला, मीपण लावला होता की तो हाताला."

"म्हणून तर सांगते. आज तुम्ही लांब उभे राहा."

तो लांब राहिला नाही, ते बरंच झालं. पुन्हा कापलेल्या टोकांची रबरं सोलून ज्योत्स्नाने एकेक लड पॉलिश पेपरने घासली. वर्षानुवर्षं काळवंडलेलं तांबं हळूहळू लालसर झालं, मग गुलाबी, मग असं झळाळलं की तिला त्याला बोट लावायचं जिवावर आलं. सुती हातमोजे घातले. पायऱ्या पाडल्या. आता पहिली लड धरून पीळ द्यायला ती वाकली, तोच विनायक ओरडला, "थांबा! नळी?"

नळी टेबलावर होती. तिच्या शेजारी तापवली की आवळून बसणारी रबरी नळीही होती. जोड झाल्यावर या दोन्ही त्यावर ओवायला वाट कुठली? दोन्ही बाजूंना लांबलचक केबल, आणि एका टोकाला रॉड धरायचा होल्डर. आधीच ओवून ठेवायला हव्या होत्या.

"वाचवलं तुम्ही," ती म्हणाली.

"दर वेल्डर आयुष्यात एकदा तरी विसरतोच. मी चारदा विसरलोय, प्रकाशला सांगू नका."

मग दोघांनी मिळून काम केलं. ती पीळ घालत गेली, तो टोकं सरळ धरून बसला. नळी सरकवली, त्याने हत्याराचा दांडा दाबला, एकेक ठसा उमटत गेला. टेप, मग रबरी नळी, मग गरम हवा. नळी आकसून जोडाला अशी चिकटली की जणू केबल जन्मतःच तशी होती.

"जोड होल्डरपासून लांब राहील असंच टोक लावायचं," विनायक म्हणाला. "वेल्डिंग करताना होल्डरजवळची केबल सारखी वाकते. तिथे कुठलाच जोड टिकत नाही, तुमचा असो की माझा."

सकाळी बांधावर मशीन धडधडायला लागलं. केबल उतारावरून खाली गेली, काळ्या वेलीसारखी. ज्योत्स्नाने जोड चिखलात पडू नये म्हणून खाली फळी ठेवली होती आणि त्या फळीशेजारीच ती बसली. खाली लाइनीला टेकून विनायकने काच खाली ओढली. वरच्या बाजूला कौतिकदादा घड्याळ बघत येरझारा घालत होता. "झालं का? झालं का?" रॉड पेटायच्या आधीच त्याचं सुरू.

निळा उजेड फुटला. एक रॉड, दोन, तीन. वास नाही. आणखी दोन. ज्योत्स्नाचे डोळे-कान सगळे नाकात आले होते म्हणा ना, सगळा जीव त्या वासावर. विनायकने खालून हात वर केला, मशीन बंद झालं, आणि ती हाताची मागची बाजू जोडावर टेकवायला वाकली.

गार! म्हणजे उन्हात पडलेल्या केबलइतका कोमट, पण शेजारच्या रबरापेक्षा कणभर कमीच. तिने पुन्हा हात लावला, मग दुसरा हात लावला. "विनायकभाऊ!" ती उतारावरून ओरडली, "थंड आहे! आपला जोड थंड आहे!"

विनायक धापा टाकत वर आला, त्याने हात लावला आणि मान हलवली. "पेंटरला फोन करतो भाभी. एकदम फिट!"

"पेंटर नंतर, आधी माझी लाइन!" कौतिकदादा.

नाव जिंकलं होतं. आता तिने फळीवर बसून चहा प्यायला हरकत नव्हती. पण आनंदाने हात थांबेना. जोडापासून ती केबल चाचपत खाली निघाली, दोन्ही बाजू बघाव्या म्हणून, उगाचच. आणि काही पावलांवर तिचा हात थबकला. तिथे केबल गरम होती. तिथे जोड नव्हता, चीर नव्हती, रबर कोऱ्यासारखं गुळगुळीत होतं. तरीही चांगलं चटका लागेल असं गरम.

आत्ता हे सांगितलं, तर काम थांबणार. कौतिकदादा भडकणार. वर विनायक म्हणायचा, तुमच्याच जोडाने काहीतरी बिघडवलं.

"भाऊ, मशीन सुरू नका करू," ती म्हणाली. "इथे बघा."

विनायकने हात लावला आणि शीळ घातली.

"काय झालं आता?" कौतिकदादा आला. "वरून तर मस्त दिसते!"

"दिसते ना? मलापण दिसते," ज्योत्स्ना म्हणाली. "कापा भाऊ."

कापल्यावर आतून काळा चुरा सांडला. किती तरी लडी आतल्या आत तुटून कोळसा झाल्या होत्या. उरलेल्या मोजक्या तारांवरून सगळा करंट जीव मुठीत धरून पलीकडे जात होता. कधीतरी कुठल्या तरी कोपऱ्यावर केबल वाकली असेल, वाकत राहिली असेल. रबराने बाहेर काही कळू दिलं नाही.

"आज ना उद्या इथेच पेटली असती," विनायक हळूच म्हणाला. "आणि मी होल्डर हातात धरून पाण्यात उभा."

कौतिकदादाने त्याच्या ओल्या पायांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच घड्याळाकडे पाहिलं नाही. "कर बाई," तो म्हणाला. "नीट कर. मी टोक धरतो."

बांधावरच्या बाभळीखाली तिने दुसरा जोड घातला. केळीच्या पानावर हत्यारं मांडली, कौतिकदादाने मळकट धोतराने हात पुसून टोक धरलं. "दादा, हातमोजे घाला. आणि काही झालं तरी खडूला हात लावू नका," ज्योत्स्ना म्हणाली. कौतिकदादा बिचारा इकडेतिकडे खडू शोधायला लागला, आणि विनायक हसून हसून मशीनला टेकला. या वेळी नळ्या आधीच ओवलेल्या होत्या.

ऊन कलायच्या आत लाइनीला पाणी आलं. पाइप आधी खाकरला, मग पाटात लाल गढूळ पाण्याचा लोट आदळला, आणि कौतिकदादा केळीच्या ओळींमधून लहान पोरासारखा पाण्याच्या पुढे पुढे पळाला.

पेंटर दोन दिवसांनी येणार होता. विनायकला तेवढा धीर कुठला? लोखंडावर खुणा करायचा पांढरा खडू घेऊन त्याने त्याच संध्याकाळी शटरच्या रिकाम्या पट्ट्यावर लिहिलं: केबल दुरुस्ती, ज्योत्स्ना. प्रकाशने रिक्षा थांबवली, ते वाचलं आणि मागच्या सीटवरच्या अनोळखी सवारीलाही वाचायला लावलं.

आता लांबून लांबून केबली येतात. नेपानगरकडचे एक फॅब्रिकेटर तर बसवर टाकून पाठवतात. ज्योत्स्ना प्रत्येक केबल आधी मशीनला लावते, थोडा वेळ करंट सोडते, मशीन बंद करते आणि मग टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपते. पण हे झालं गरम झाल्यावरचं. लूमवर एक धागा तुटला की त्याच क्षणी कापडात रेघ दिसते, मालक ओरडतो, लूम थांबतं. केबलमध्ये एक तार तुटली, दहा तुटल्या, अख्खी लड तुटली, तरी बाहेर सगळं शांत. तिने हे विनायकला विचारलं, आशामावशींना विचारलं, केबल विकायला आलेल्या माणसालाही चहा पाजून विचारलं. अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर राजपुऱ्यात येऊन सांगा. ती हातातलं काम टाकून ऐकेल. रबर न कापता, केबल गरम व्हायच्या आधी, आत पहिली तार तुटली हे ओळखायचं कसं?